जावळकाकू

गरोदर बाईला सातवा महिना लागतो, जेवण घशाशी येऊ लागतं आणि दारात जावळकाकू उभ्या राहतात. नात्याने त्या कोणीही असतील, सासूबाईंची मावसबहीण नाहीतर वरच्या मजल्यावरच्या वहिनींची आई. खालच्या घरातले करपट ढेकर त्यांना तीन मजल्यांवर ऐकू येतात. "जळजळतंय? जळू दे गं. बाळाला जावळ भरपूर असणार!" हे सांगताना त्यांचा चेहरा मुहूर्त काढून देणाऱ्या गुरुजींसारखा ठाम असतो. मूल चकचकीत टकलू निघालं तरी अंदाज चुकला असं होत नाही. "गोळ्या खाऊन पित्त मारलंस, मग केस कुठून यायचे?"

शिकलेसवरलेले लोक काकूंना हसण्यावारी नेतात. पंचाईत अशी की काकूंचा हा अंदाज तपासला गेलाय आणि बऱ्यापैकी खरा निघालाय. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००६ साली ६४ गरोदर बायकांच्या जळजळीची त्यांच्या बाळांच्या केसांशी सांगड घालून पाहिली. मध्यम किंवा तीव्र जळजळ असलेल्या २८ जणींपैकी २३ जणींच्या बाळांना सरासरीइतकं किंवा त्याहून जास्त जावळ होतं. अजिबात त्रास नसलेल्या १२ जणींपैकी १० जणींच्या बाळांना कमी होतं किंवा नव्हतंच. संशोधकांना स्वतःलाच ही अपेक्षा नव्हती. आता ६४ म्हणजे काही फार नव्हेत, एका डोहाळजेवणाच्या पंगतीत तेवढ्या बायका सहज बसतात. पण माझी तक्रार आकड्याबद्दल नाही. काकूंचा धोका त्या चुकतात यात नसून एकदा बरोबर ठरल्या यात आहे. या एका जावळाच्या बळावर त्या पुढे औषधंही सांगू लागतात.

खरं कारण काकूंच्या कल्पनेतलं नाही. केस काही अन्ननलिकेला टोचत नसतात. गरोदरपणातली संप्रेरकं अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल करतात, वाढतं गर्भाशय जठराला वर ढकलतं आणि आम्ल उलटं चढतं. त्याच संप्रेरकांचा बाळाच्या केसांशीही संबंध असावा, असा संशोधकांचा तर्क. हे एकदा कळलं की काकूंचे उपाय एकेक करून तपासता येतात. "दोन जिवांचं खा" हा पहिला. गरोदरपणात दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे दोन-तीन पोळ्या. काकू वाढतात ते सगळ्या आळीचं जेवण, आणि जठर भरलं की ते उसळणारच. दुसरा उपाय पाण्यात खाण्याचा सोडा. त्याने क्षणभर बरं वाटतं, पण पोटात सोडियम जातं, अंगात पाणी साठू शकतं. म्हणून तो या दिवसांत नकोच. तिसरा सगळ्यात वाईट, कारण तो उपायच नाही. पाचव्या महिन्यानंतर बरगडीखाली उजवीकडे दुखत असेल, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तरी काकूंचं निदान एकच असतं, पित्त. तो रक्तदाबाचा गंभीर विकार असू शकतो आणि तेव्हा तडक दवाखाना गाठायचा असतो.

कोणी म्हणेल, दवाखान्यात डॉक्टरांना बोलायला सवड नसते, निदान काकू ऐकून तरी घेतात. खरं आहे, रात्री दोनला उशीला टेकून बसलेल्या बाईला त्या सोबतीचं मोल कळतं. शिवाय जेवून लगेच आडवी होऊ नकोस, तळकट टाळ, हे त्यांचंच सांगणं अगदी शास्त्राला धरून आहे. त्यात थोडं थोडं खाणं, पलंगाचा उशाकडचा भाग वीतभर उंच करणं आणि डाव्या कुशीवर झोपणं एवढं जोडलं की पुष्कळ जणींचं भागतं. भागलं नाही तर आम्लशामक गोळी आहे, डॉक्टरांना विचारून. फक्त ती लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, लोह अंगी लागत नाही. दोन्हींमध्ये दोनेक तास जाऊ द्यायचे. ही राखण मात्र बिनधास्त काकूंवर सोपवावी. घड्याळाकडे बघत दुसऱ्याला टोकायचं काम त्या कोणी न सांगताही करतच असतात.