शिकाऊ उमेदवाराचा अर्ज : एक त्रिपक्षीय संवाद

व्यापारी कायद्याची पेढी, म्हणजे रूढ भाषेत लॉ फर्म, बांधाच्या किंवा मारामारीच्या खटल्यांवर चालत नाही. कंपन्यांची खरेदी-विक्री, कर्जाचे करार, भागीदारांचे तंटे आणि दिवाळखोरी यांवर तिचा संसार चालतो, आणि तिच्यात शिरण्याची वाट शिकाऊ उमेदवारीतून जाते. मुंबईत सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आणि तिच्या जोडीची आर्टिकलशिप, म्हणजे मुरलेल्या सॉलिसिटरच्या हाताखालील तीन वर्षांची उमेदवारी, अद्याप टिकून असली तरी बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते ती इंटर्नशिप. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनुसार ती पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवड्यांची असावी लागते. मात्र एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यास दर वर्षी नव्या दारात नव्याने उभे राहावे लागते.

पुढील संवाद बारामती न्यायालयाच्या आवारातील असून त्यात तीन पात्रे आहेत : इंदापूर तालुक्यातून आलेला व बारामतीत कायदा शिकणारा उमेदवार, दिवाणी दाव्यांत केस पिकलेले वकील, आणि पुतण्याला मोटारसायकलवरून घेऊन आलेले ऊस बागायतदार चुलते. तिघांचेही आयुष्य अर्ज, कैफियती आणि प्रतिज्ञापत्रे यांच्या सहवासात गेलेले असल्याने ते स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषातच करतात. वाचकांनी तो अहंकार समजू नये.

उमेदवार : वकीलसाहेब, अर्जदार नम्रपणे सादर करतो की, त्याने काल रात्री मुंबईच्या एका पेढीचे संकेतस्थळ उघडले असता आत शिरण्यापूर्वीच त्याच्याकडून कबुलीजबाब घेण्यात आला. या पेढीने आपली जाहिरात केलेली नाही, कोणालाही बोलावलेले नाही, आणि वाचणारा स्वतःच्या मर्जीने येत आहे, असा मजकूर पडद्यावर होता व त्याखाली ‘मान्य’ असे बटण होते.

वकील : मग दाबलेस का ते?

उमेदवार : दाबल्यावाचून आत जाता येत नव्हते.

वकील : त्याला कबुलीजबाब म्हणत नाहीत, ती नियम 36 ची कृपा आहे. वकिलाने जाहिरात करून काम मिळवू नये असे बार कौन्सिलचा हा नियम सांगतो, म्हणून या पेढ्या आपले सर्व पराक्रम सचित्र मांडतात आणि दारावर लिहितात की ही जाहिरात नव्हे. वकिलाची पाटीसुद्धा माफक आकाराची असावी असे तोच नियम बजावतो. प्रस्तुत वकिलाने तो इतका मनापासून पाळला आहे की त्याची पाटी वाचण्यासाठी अशिलास आधी कार्यालयात यावे लागते.

चुलते : म्हणजे आवतण नसताना पंगतीला जायचे, आणि मांडवाच्या दारात लिहून द्यायचे की आवतण नव्हते.

वकील : बागायतदारांनी मुद्दा नेमका पकडला. बाळा, पुढे वाच.

उमेदवार : अर्जाच्या नमुन्यातील पहिला प्रश्न असा की, उमेदवारास हीच पेढी का हवी. त्यावर अर्जदाराने लिहिले आहे की, आपल्या पेढीच्या जवळपास दोनशे वर्षांच्या उज्ज्वल परंपरेने अर्जदार बालपणापासून भारावून गेलेला आहे.

वकील : हे कोणत्या पेढीला लिहिलेस?

उमेदवार : सर्वच पेढ्यांना.

वकील : 1830 पासूनची परंपरा मुंबईच्या क्रॉफर्ड बेलीची. खेतान 1911 साली कोलकात्यात सुरू झाली. ट्रायलीगल तर 2000 सालची, म्हणजे तुझ्या थोरल्या भावाच्या वयाची. तिच्या दोनशे वर्षांच्या परंपरेने तू बालपणी भारावून गेला असशील, तर त्या बालपणाचीच चौकशी करावी लागेल. अमरचंद मंगलदास 1917 ची, परंतु तिची 2015 साली दोन भावांत वाटणी झाली.

चुलते : (खुर्ची पुढे ओढून) वाटणी सरस-निरस मानाने झाली की नुसत्या तोंडी?

वकील : थोडक्यात सांगायचे तर एकाचे मुख्य ठाणे मुंबईला, दुसऱ्याचे दिल्लीला.

चुलते : आणि विहीर?

वकील : विहिरीच्या जागी नाव होते. ते सामाईक राहिले. दोघांच्याही पाटीवर अमरचंद मंगलदास आहेच, फक्त पुढे ज्याचे त्याचे नाव लागले.

चुलते : मग तक्रारीचे कारण नाही.

येथे चुलत्यांनी इतक्या समाधानाने मान डोलावली की, कॉर्पोरेट पुनर्रचना हा विषय त्यांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता राहिली नाही. संबंधित विद्यापीठांनी याची नोंद घ्यावयास हरकत नसावी.

उमेदवार : दुसरा प्रश्न व्यापारी भानाचा आहे. अशिलाचा पैसा कोठून येतो, कोठे अडकतो आणि कायद्याची कोणती कलमे त्याच्या आड येतात याची जाण, असा त्या संज्ञेचा अर्थ अर्जदारास समजला आहे. त्या अनुषंगाने त्याने अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या व्याजदरावर 300 शब्द लिहिले आहेत.

वकील : अमेरिकेच्या व्याजदराचा आणि तुझा संबंध?

उमेदवार : संबंध नाही, परंतु मुंबईत हेच आवडते असे एका मार्गदर्शन चित्रफितीत सांगितले होते.

चुलते : व्याजाचा विषय निघालाच आहे तर प्रस्तुत चुलत्यास एक विचारावयाचे आहे. त्याचा ऊस तुटून जाऊन तीन महिने झाले आणि बिल अद्याप नाही. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण चुलत्यास पुढच्या हंगामातही तोड हवी आहे.

वकील : 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि त्यापुढे वार्षिक 15 टक्के व्याज लागते.

चुलते : लागते हे ठाऊक आहे. मिळते का, असा प्रश्न होता.

वकील : (उमेदवाराकडे वळून) हे लिही! कारखान्याची साखर बँकेकडे मालतारण, म्हणजे गोदामातील पोत्यांवर कर्ज काढलेले. पोते विकले की बँकेचा हात पहिला. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, शेतकऱ्यास देणे बंधनकारक. आणि बाजारात साखरेचा भाव पडलेला. बँक, कारखाना आणि शेतकरी या तिघांत कोणाचा हक्क आधी, या एका प्रश्नावर मुंबईतील पेढी तासावर पैसे लावून अभिप्राय देते. बारामतीत माळेगाव व सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा असे कारखाने आसपास असताना तू व्यापारी भान आणायला अमेरिकेला गेलास.

उमेदवार : अर्जदारास ही घरची कटकट वाटत होती.

वकील : कटकटीला शुल्क लावले की तिला व्यापारी कायदा म्हणतात. आता बायोडाटा दाखव.

बायोडाटा दोन पानी, निळ्या रेघांच्या चौकटीत बसवलेला होता. पहिल्या पानावर अभिरूप न्यायालय स्पर्धेतील सहभागाचे प्रमाणपत्र, दुसरे सहभागाचे प्रमाणपत्र, आणि भाषांच्या रकान्यात इंग्रजी, हिंदी व ‘जर्मन (प्राथमिक)’ अशी नोंद होती. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ पेनाने खोडलेली होती.

वकील : ही ओळ कोणती?

उमेदवार : अर्जदाराने मागील दोन सुट्ट्यांत इंदापूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात बसून एका वकिलांसाठी सर्च रिपोर्ट तयार केले होते. परंतु ते काम फारच गावठी दिसते, असे मित्रांचे मत पडले.

वकील : सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीचा मागील 30 वर्षांचा शोध. त्यात तू काय काय पाहिलेस, ते सांग.

उमेदवार : सातबारा, आठ-अ आणि फेरफार. भोगवटादार वर्ग 2 असल्यास जमीन परवानगीवाचून विकता येत नाही, हे पाहिले. इतर हक्कात कूळ आहे का, विकास सोसायटीचा बोजा आहे का, उजनी धरणाच्या पुनर्वसनाचा शेरा आहे का, तेही पाहिले. एका गटात चार बहिणींची नावे 1994 च्या फेरफाराने कमी झाली होती आणि हक्कसोडपत्र मात्र तिघींचेच होते.

चुलते : चौथी कोण, हे चुलत्यास ठाऊक आहे.

वकील : ते नाव चुलत्यांनी पोटातच ठेवावे. बाळा, एखादी कंपनी भिगवणच्या पट्ट्यात सौर प्रकल्पासाठी दोनशे एकर घेते तेव्हा मुंबईचे भागीदार ज्याला ड्यू डिलिजन्स म्हणतात, म्हणजे व्यवहारापूर्वीची कसून तपासणी, ती हीच. आणि दप्तर सगळे मराठीत. जुने असेल तर मोडीत. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येते का, हे 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 वरून पाहावे लागते. बारामतीच्या एमआयडीसीतील भूखंड मालकीचे नसून 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याचे असतात, म्हणून पियाजिओची तीनचाकी असो की फेरेरोचे चॉकलेट, कारखान्याच्या खालच्या जमिनीचे कागद आधी वाचावे लागतात. ती चौथी बहीण ज्याने शोधली, त्याने ती ओळ खोडली आणि मराठी भाषा रकान्यातून गाळली!

उमेदवार : मराठी येते हे सर्वांनाच ठाऊक असते, असे अर्जदारास वाटले.

वकील : भाषा येणे वेगळे आणि फेरफार वाचता येणे वेगळे. जर्मन खोड. सर्च रिपोर्ट पहिल्या पानावर घे, गावांची व पक्षकारांची नावे गाळून. कारण अशिलाचे गुपित अर्जात फोडणाऱ्यास कोणतीही पेढी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. आणि अर्ज आजच पाठव. मोठ्या पेढ्यांच्या जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. सुट्टी लागल्यावर अर्ज करणाऱ्यास पुढच्या वर्षीचीच सुट्टी मिळते.

उमेदवार : परंतु राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पेढ्या स्वतः जाऊन पहिल्याच दिवशी मुले निवडतात. बारामतीला त्या येत नाहीत.

वकील : नाही येत. हे अन्याय्य आहे आणि त्यावर प्रस्तुत वकिलाकडे कोणताही अर्ज नाही. जिथे परिसर मुलाखती होत नाहीत तिथल्या मुलाला इंटर्नशिप हीच परीक्षा; तीत काम आवडले तर पेढी पदवीपूर्वीच नोकरी देऊ करते, तिला प्री-प्लेसमेंट ऑफर म्हणतात. त्यामुळे ते चार आठवडे प्रमाणपत्रासाठी घालवू नकोस.

चुलते : आणि वकिलीच्या सनदेला पैसे किती लागतात? चुलत्याने एक कालवड विकण्याची तयारी ठेवली आहे.

वकील : कालवड राहू द्या. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नोंदणीसाठी कायद्यात आहे तेवढेच शुल्क घ्यावे. मुद्रांक वगळता खुल्या प्रवर्गास 750 रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींस 125.

चुलते : सातशे पन्नासात पोरगा वकील होतो, आणि शिकाऊ व्हायचे तर त्याला 1830 पासूनचा इतिहास, अमेरिकेची बँक आणि जर्मन भाषा लागते. वकीलसाहेब, यात उलटे काय आणि सुलटे काय, याचा निवाडा कोणत्या कोर्टात होतो?

वकील : अधिकारक्षेत्राचा प्रश्न आहे. तूर्त तारीख घ्यावी.

त्याच सायंकाळी सुधारित अर्ज रवाना झाला. त्यात भाषांच्या रकान्यात मराठी पहिल्या क्रमांकावर होती, आणि कालवड विकण्यात आलेली नव्हती.