पाव डॉलरचं बालपण

१९८० साली पॅक-मॅन हा कपाटाएवढ्या यंत्रात नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम आला, तेव्हा अमेरिकेतली पोरं पाव डॉलरच्या नाण्यासाठी आईमागे भुणभुण लावत. आता पन्नाशी ओलांडलेली तीच पोरं तसलं कपाट घरात हवं म्हणून हजारो डॉलर मोजतात. बाहेर एमडीएफच्या फळ्या, आत रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक. खेळ फुकट, तरी नाणं टाकायची खाच हवीच, तीही लाल दिव्यासकट! (आतल्या शेकडो खेळांचे हक्क कुणाचे, ते विचारू नये.) कपाट बनवणारा नाकातोंडात भुसा जाईस्तोवर फळ्या कापतो, एकेका बटणाची तार जोडतो, वर गिऱ्हाईक विचारणार, "काही कमी होईल का?" ते धूड गिऱ्हाइकाच्या तळघरात उतरवायचं, तेही यानंच. या धंद्यात पडणार असाल, तर घरात दुसऱ्या कुणाची तरी नोकरी पक्की असू द्या.