मॅनटीच्या घरचे पाहुणे

फ्लोरिडातल्या क्रिस्टल रिव्हरला मॅनटी, म्हणजे समुद्रगायी, हिवाळ्यात येतात त्या उबेसाठी. समुद्राचं पाणी २० अंशांखाली गेलं की अर्ध्या टनाचा हा शाकाहारी देह गारठतो, प्रसंगी दगावतोही; इथल्या झऱ्यांचं पाणी मात्र बारमाही २२ अंशांच्या आसपास. त्या आपल्याबरोबर सेल्फी काढायला आल्यात, हा समज फक्त आपला.

तेव्हा त्यांच्याबरोबर पोहण्याची सहल चोखंदळपणे निवडावी. ‘हात लावायला मिळणार, खात्रीनं!’ म्हणणारा बोटवाला उमदा वाटतो. दुसरा आधी शिष्टाचाराचा व्हिडिओ दाखवतो, पायातले फिन काढायला लावतो, फोमची नळी देतो आणि सांगतो, ‘पालथे तरंगा, पाणी ढवळू नका, दोरीपलीकडे जाऊ नका.’ एवढे डॉलर मोजून ओंडक्यासारखं पडून राहायचं? हो. पैसे ह्यालाच द्यावेत.

झोपलेल्या मॅनटीला उठवणं, तिच्या नि पिल्लाच्या मध्ये घुसणं हे प्रेम नव्हे, कायद्यानं गुन्हा आहे, १९७२ पासून. माणसाशी तिची ओळख तशी जुनीच. संशोधक एकेक मॅनटी ओळखतात ती बहुधा पाठीवरच्या, बोटींच्या पंख्यांनी केलेल्या व्रणांवरून. ओळखपत्र आपणच दिलेलं, तेही फुकट.

‘पण ती स्वतःहून जवळ आली तर?’ हा प्रश्न प्रत्येक बोटीवर कुणीतरी विचारतोच. तरीही हात खिशात. वेटसूटला खिसे नसतात, ही अडचण आहे खरी.