१२ व्होल्टचे शिरस्तेदार

उभी हयात सरकारी दप्तराची राखण केल्यानंतर गावाकडच्या आमराईत दोन खोल्या बांधून, वीजखात्याचे तोंड पुन्हा पाहणार नाही अशी प्रतिज्ञा करून छपरावर सोलरची पॅनेले मांडणारा जो गृहस्थवर्ग अलीकडे उदयास आला आहे, त्याची काटकसर तारेपाशी येऊन प्रकट होते. पॅनेल, बॅटरी, पंप या वस्तू पाहुण्यांना दाखविता येतात. तार भिंतीत जाते, सबब तिच्यावरील खर्च हा त्याच्या मते निव्वळ अपव्यय. शिवाय २३० व्होल्टला जी तार पुरते ती १२ व्होल्टला पुरून उरलीच पाहिजे, हा त्याचा सिद्धान्त मुक्रर झालेला असतो.

आमच्या अशाच एका स्नेह्यांनी चार बॅटऱ्या पॅरलल जोडून, १५ मीटरवरील विहिरीपर्यंत अडीच एमएमची तार ओढून, २४० वॉटचा पंप सुरू केला. पंप दम्याच्या रोग्याप्रमाणे धापा टाकू लागला. त्यांनी दुकानदारास तीन पत्रे धाडली. तिसऱ्यावर ‘स्मरणपत्र क्र. २’ असे लिहून जावक क्रमांकही घातला होता.

अखेर वायरमन आला. त्याने बॅटरीवर मीटर लावला: साडेबारा. “पाहिलंत?” स्नेही विजयी मुद्रेने म्हणाले. वायरमन मुकाट्याने विहिरीकडे गेला आणि चालू पंपापाशी मीटर लावला: नऊच्या खाली.

“मधले साडेतीन कोणी खाल्ले?” स्नेह्यांमधला शिरस्तेदार खडबडून जागा झाला. अफरातफरीचा वास त्यांना लांबून येतो.

“तारेनं, साहेब. कचेरीत तोच भरणा नोटांत केला तर खिशात मावतो, चिल्लरीत केला तर पोतं लागतं. १२ व्होल्टला २० अँपियर, ४८ला फक्त पाच.”

मग त्याने सिगारेटच्या पाकिटावर हिशेब मांडला. शेकडा तीनच घट सोसायची तर १२ व्होल्टला ३५ एमएम, २४ला १० एमएम. ४८ला मात्र हीच अडीचची तार चालेल, कारण दाब दुप्पट झाला की तांबे चौथाईवर येते. स्नेह्यांनी ही आकडेमोड दोनदा ताडून पाहिली, पस्तीसच्या तारेचा भाव विचारला आणि बराच वेळ आंब्याच्या झाडाकडे पाहत राहिले.

बॅटऱ्या आता सिरीजमध्ये आहेत. चार्ज कंट्रोलर बदलावा लागला, पंपही ४८ व्होल्टचा आणावा लागला. जुना पंप माळ्यावर आहे, तिन्ही पत्रांच्या स्थळप्रतींसह. तार तीच आहे आणि तिची निवड दूरदृष्टीने केली होती, असे स्नेही सांगतात.