थँक यूनंतरचा तास

बुलढाणा जिल्ह्यातल्या कॉलेजात 'प्रेझेंटेशनसाठी विषय निवडा' म्हटलं, की निम्मा वर्ग लोणारला जातो. पहिल्या स्लाइडवर कॉलेजची इमारत, शेवटच्या स्लाइडवर गुलाबाच्या फुलासकट 'थँक यू', आणि मध्ये इतका बारीक मजकूर, की मागच्या बाकांनी तो श्रद्धेनेच मान्य करावा. वक्ता वर्गाकडे पाठ करून भिंतीला वाचून दाखवतो. सरोवर २०२०च्या जूनमध्ये गुलाबी झालं, हे सगळे सांगतात. ''काऊन झालं?'' असं विचारलं, की ''सर, ते पुढच्या स्लाइडवर आहे.'' पुढच्या स्लाइडवर गुलाब!

अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मात्र बिनबोभाट पडतात.

एकदा मात्र संख्याशास्त्राच्या तासाला लाइट गेली. जळगाव जामोदकडच्या एका पोराची पाळी होती. पेन ड्राइव्ह खिशात टाकून त्याने खडू उचलला आणि फळ्यावर भेंडवळची घटमांडणी काढली. अक्षय्य तृतीयेला धान्यांचा गोल मांडतात, मधल्या खड्ड्यातली चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने, वरच्या घागरीवर पापड-कुरडई, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत. सांगताना गडी रंगला. त्याने वर्गाकडे तोंडसुद्धा केलं!

मागच्या बाकावरून प्रश्न आला, ''चुकलेल्या वर्षांची यादी कोणी ठेवते का?'' दुसरी म्हणाली, ''पाऊस चांगला म्हणजे किती मिलिमीटर?'' तिसऱ्याला राग आला, ''आमचा आजा त्यावरच पेरणी करते!'' तास संपला, तरी भांडण संपेना. नोंदी, नमुना, मोजता येईल अशी व्याख्या : मी दोन आठवडे घसा कोरडा करून जे शिकवलं, ते सगळं त्या भांडणात आलं. माझं योगदान एवढंच, की मी गप्प बसलो. प्राध्यापकाला याहून अवघड काम नाही.

पोरांनी पोरांना शिकवणं ही काही नवी टूम नव्हे. मद्रासच्या अनाथालयात हेच करून पाहिलेल्या अँड्र्यू बेलने १७९७ साली त्यावर लंडनमध्ये पुस्तक काढलं, आणि विलायतेतल्या शाळांनी ती पद्धत उचलली. तेव्हा प्रोजेक्टर नव्हता, हे त्या पोरांचं नशीब.

म्हणून प्राध्यापक बंधुभगिनींनो, एक विनंती. वीसपैकी दहा गुण सांगणाऱ्याला द्या आणि दहा प्रश्न विचारणाऱ्यांना. गुलाबाला शून्य.