आलेखपंत

हिंजवडीच्या प्रत्येक संगणक-कचेरीत ज्यांची किमान एक प्रत आढळते, त्या गृहस्थांचे पदनाम ‘स्क्रम मास्टर’ असले तरी आम्ही त्यांना आलेखपंत म्हणतो. कारण सकाळच्या पंधरा मिनिटांच्या उभ्या सभेत त्यांची दृष्टी माणसांच्या मुखांकडे क्वचितच वळते, ती बर्नडाउनच्या तक्त्यावर खिळलेली असते. उभ्या अक्षावर बाकी राहिलेले काम, आडव्यावर स्प्रिंटचे, म्हणजे कामाच्या एका फेरीचे, दहा दिवस आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात उतरणारी करडी आदर्श रेषा, एवढ्या भांडवलावर या सत्पुरुषाचे चित्त प्रसन्न वा खिन्न होत असते.

कामाचे माप तासांत नव्हे, ‘स्टोरी पॉइंटां’त: एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. मधले सहा-सात कुठे गेले, असे एका नवख्या पोराने विचारले तेव्हा ‘मोठ्या कामाचा अंदाज तितका बारीक करताच येत नाही’ असे पंत म्हणाले, आणि ते खरेही आहे. परंतु लागलीच त्याच अंदाजांच्या बेरजेवरून ते संघाचा वेग दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत काढू लागले. बांधावर उभे राहून नजरेने आणेवारी ठरवावी आणि मग दाणे मोजायला बसावे, तशातला हा प्रकार.

प्रत्यक्षाची तांबडी रेषा मात्र अवखळ. अर्धवट कामाचे गुण वजा होत नसल्यामुळे आठ दिवस ती पठारासारखी सपाट चालते, आणि नवव्या दिवशी तपासणाऱ्या बाईंनी एकदम चार कामे मंजूर केली की कोकणकड्यावरून लोटल्यासारखी कोसळते. मध्येच ग्राहकाने एखादी ‘किरकोळ’ मागणी घुसडली की ती वर चढते, आणि पंतांचा चेहरा महिनाअखेरीस पाहुणे आल्यासारखा होतो. 2001 साली अमेरिकेत स्नोबर्ड येथे सतरा जणांनी काढलेल्या अशा कार्यपद्धतींच्या जाहीरनाम्याच्या तत्त्वांत प्रगतीचे मुख्य माप म्हणून चालते सॉफ्टवेअर सांगितले आहे. पंतांच्या मेजामागे ती तत्त्वे चौकटीत टांगलेली आहेत, फक्त जागेअभावी चालू तक्ता त्या चौकटीवरच डकवावा लागतो.

परवा मुदतीच्या शुक्रवारी साडेचारला तेरा गुणांचे एक काम शिल्लक होते. पंतांनी कैफियत शांतपणे ऐकली, कामाचे दोन तुकडे केले, आठाचा ‘पूर्ण’ म्हणून नोंदला, पाचाचा पुढच्या स्प्रिंटच्या खाती टाकला, आणि रेषा शून्याला टेकताच सर्वांसाठी वडापाव मागवले. काम ज्याच्या अंगावर होते तो पोरगा एका हातात वडापाव धरून दुसऱ्या हाताने अजून त्यातली चूक शोधत होता. पंतांनी मोठ्या मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘अरे, ते संपलंय. तक्ता नाही का पाहिलास?’’