केकवरची विनवणी

परस्परांच्या ग्राहकांची इंटरनेट-वाहतूक पैसे न आकारता स्वीकारण्याचा जो करार आंतरराष्ट्रीय दूरसंचार कंपन्या करतात, त्याला ‘पिअरिंग’ म्हणतात. आणि समोरचा तोलामोलाचा आहे, हे दोघांनाही पटल्याखेरीज तो जुळत नाही, म्हणजे सोयरिकीचाच मामला. आयपीव्ही-६ या नव्या पत्तापद्धतीसाठी असे पिअरिंग करावे, ही कोजेंट कंपनीला केलेली विनवणी हरिकेन इलेक्ट्रिकने २००९ साली चक्क केकवर आयसिंगने लिहवून घेतली आणि नेटवर्क-चालकांच्या अमेरिकेतील परिषदेत मांडली. केक संपला असेल, कोजेंट मात्र बधली नाही. परिणामी केवळ एकीवर विसंबलेल्या ग्राहकाला केवळ दुसरीवर विसंबलेल्यापर्यंत त्या पद्धतीने पोहोचता येईना, आणि दोन्ही कंपन्या स्वतःला जागतिक म्हणवून घेत राहिल्या.